वस्तीतल्या मुलांना टेकडीवर न्यायचंय, पण अडचणी संपेनात. कोणी केलंय का असं?

टेकडीखालची_ताई

नमस्कार मंडळी. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी गोखलेनगरच्या बाजूला एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो, संस्था-बिंस्था रजिस्टर्ड काही नाही, समाजमंदिराची एक खोली मिळालीये तेवढीच. पाचवी ते आठवीची वीस-पंचवीस मुलं-मुली येतात, बहुतेक सगळी मनपाच्या शाळेतली.

वेताळ टेकडी यांच्या घराच्या मागे. पण अर्ध्याहून जास्त मुलं कधी वर गेलेलीच नाहीत. पक्ष्यांची नावं लिहा म्हटलं की कावळा चिमणी कबूतर पोपट मोर, संपलं. त्यातला मोर टेकडीवर खरोखर आहे हे सांगितलं तर एक मुलगा म्हणाला ताई तो झू मध्ये असतो.

म्हणून ठरवलं की महिन्यातून दोनदा तरी सकाळी वर न्यायचं. वाटलं यात काय एवढं, चालत जायचंय, तिकीट नाही काही नाही. तर खालीलप्रमाणे:

मुलींच्या आया सोडत नाहीत. एक तर सकाळी पाणी येतं तेव्हा भरायला मुलगीच लागते. दुसरं वर बाथरूम नाही. तिसरं "पोरीची जात, झाडीत कशाला". शाळेच्या मुख्याध्यापक बाई चांगल्या आहेत पण म्हणतात शाळेच्या नावाने नेलंत तर मला परवानग्या काढाव्या लागतील, आणि तुमच्या नावाने नेलंत तर माझा संबंध नाही. एक मुलगा पायाला कॅलिपर (आधाराची लोखंडी पट्टी) लावतो, सपाटीला मस्त चालतो पण चढ नाही जमत, त्याला सोडून जायला मला नकोय. बूट कोणाकडेच नाहीत, म्हणजे शाळेचे आहेत पण ते चिखलात घालून दिले तर आई मारेल. आणि एकदा पाच-सहा मुलांना घेऊन गेलेच होते तेव्हा मॉर्निंग वॉकवाल्या एका काकांनी मुलांनाच दरडावून विचारलं की इथे काय करताय, कुठून आलात. मी मागेच होते. मला पाहिल्यावर हसून गुड मॉर्निंग म्हणाले. मुलांनी ते बरोब्बर पाहिलं.

कोणी असं काही केलंय का? कसं जमवलंत?

---

सह्याद्रीवेडा

अरे वा ताई, ग्रेट काम. माझा सल्ला, टेकडी सोडा, मुलांना एकदा खऱ्या जंगलात न्या. भीमाशंकरला न्या, शेकरू दाखवा, राज्यप्राणी आहे आपला, एकदा पाहिला की आयुष्यभर विसरत नाहीत. किंवा सप्टेंबरमध्ये कास. एसटीला प्रासंगिक करारावर गाडी मिळते आणि शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत असते, खर्च फार येत नाही. एक दिवसात होऊन जातं. टेकडीवर काय आहे, सगळीकडे गिरीपुष्पाची परदेशी झाडं लावून ठेवलीयेत.

---

जुन्नरकर_मास्तर

वरच्या मित्राचा उत्साह मान्य पण ती ५० टक्के सवलत मान्यताप्राप्त शाळेला मिळते, शाळेचं पत्र लागतं, अभ्यासिकेला नाही मिळणार. आणि शाळेचं पत्र आलं की सहलीचे सगळे नियम आले. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली, त्यानंतर शाळा सहलीच्या बाबतीत जाम घाबरलेल्या आहेत आणि घाबरायलाच पाहिजे. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, दहा मुलांमागे एक शिक्षक, मुली असतील तर शिक्षिका, प्रथमोपचार पेटी. मुख्याध्यापक बाईंना दोष देऊ नका, काही झालं तर त्यांचीच मान अडकते.

मी जि.प. शाळेत आहे, जुन्नर तालुका. आमच्याकडे निसर्ग कमी नाही, जास्तच आहे, उसात बिबट्या. सहावीतल्या मुलाला एकट्याला ओढ्यापर्यंत पण कोणी सोडत नाही. तर शहरवाल्यांना वाटतं खेड्यातली पोरं निसर्गात वाढतात, तसं आता राहिलेलं नाही हो. शाळा, घर, मोबाईल. आजोबा गुरं घेऊन डोंगरात जायचे, नातू एसटीने शाळेत येतो आणि अंधार पडायच्या आत घरात.

आम्ही काय करतो ते सांगतो. २०२४ पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आहे, दप्तर नाही. त्या शनिवारी आवाराच्या बाहेर न जाता सुरुवात केली. प्रत्येक गटाला एक झाड दिलं. वड, चिंच, बाभूळ, आंबा, एक बहावा. दर आठवड्याला त्याच झाडाकडे बघायचं, नवी पालवी किती, मोहोर आहे का, फळ आहे का, कोण येऊन बसलंय. सीझनवॉच म्हणून देशभरातला उपक्रम आहे, शाळा त्यात नोंदी पाठवतात, फुकट आहे. याला परवानगी लागत नाही कारण शाळेच्या वेळेत, शाळेच्या कंपाउंडात. गटातली मुलं भांडायला लागतात की आमच्या चिंचेला आधी फुटवा आला. मग पुढच्या वर्षी कंपाउंडच्या बाहेर, बांधापर्यंत, सरपंच आणि दोन-तीन पालक बरोबर घेऊन, सकाळी ऊन चढल्यावर निघायचं आणि सगळे एकत्र, गप्पा मारत. बिबट्याच्या भागात उगाच शांत चालण्यापेक्षा बोलत चाललेलं बरं.

तुमच्या बाईंना हा मार्ग सुचवा. शनिवारी शाळेतच झाडं द्या मुलांना. एकदा शाळेचं नाव त्यात आलं की टेकडीला परवानगी मागणं सोपं होईल, कारण तेव्हा ती सहल नसते, चालू उपक्रमाचा भाग असतो. भीमाशंकर वगैरे नंतर बघा. एक दिवस गाडीतून नेऊन, उलट्या करत, रांगेत जेवून, शेकरू दिसलं न दिसलं आणि परत, त्याने काही होत नाही असं माझं स्पष्ट मत.

---

सह्याद्रीवेडा

मास्तर, शेकरू दिसलं न दिसलं काय, मला चौथीत दिसलं होतं म्हणून तर मी आज इथे आहे 😄 पण मुद्दा कळला. सवलतीचं माहीत नव्हतं.

---

वडारवाडीचा_पोरगा

ताई, मी तुमच्या बाजूच्याच वस्तीत वाढलो, आता आयटीत आहे. सरळ बोलतो, राग मानू नका.

तुम्ही "निसर्गाचा आनंद" म्हणता तेव्हा आमच्या घरात ते ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं ते बघा. आमची आज्जी त्या टेकडीवरच्या खाणीत दगड फोडायची. आमच्या समाजाचा धंदाच तो, पिढ्यान् पिढ्या. तिच्यासाठी टेकडी म्हणजे ऊन, सुतकी, घण आणि झोळीत बांधलेलं पोर. माझ्या आईसाठी टेकडी म्हणजे लाकूडफाटा, आणि फाटा आणताना गार्डने कोयता काढून घेतला होता ते. आता गॅस आला, आता ती तिकडे जात नाही आणि पोरांनीही जाऊ नये असं तिला मनापासून वाटतं. शिकून वर यायचं म्हणजे टेकडीपासून लांब जायचं. आणि तुम्ही म्हणताय चला परत तिकडेच. कशाला, तर फिरायला.

आणि तो काकांचा किस्सा. तो आमच्यासाठी नवीन नाही. त्या पायवाटांवर ट्रॅकसूट घातलेला माणूस असला तर तो निसर्गप्रेमी आणि आमच्यासारखं पोरगं असलं तर ते दारू प्यायला नाहीतर झाड तोडायला आलंय. बारा वर्षांच्या पोराला हे न सांगता कळतं. म्हणून पोरं वर जात नाहीत हो, अंतर किती हा प्रश्नच नाही.

उपाय माझ्याकडे एकच, तो मी माझ्या भाच्यांवर केलाय. आज्ज्यांना घेऊन जा. पावसाळ्यात, जूनच्या शेवटी, टाकळा आणि कुर्डू उगवतात तेव्हा. माझ्या आज्जीला गुडघ्याचा त्रास, तरी ती भाजी खुडायची म्हटल्यावर निघाली, आणि वर गेल्यावर जी बोलायला लागली! ही खाण कोणाची, इथे कुठल्या झाडाखाली जेवायचे, सुरुंग लावला की कुठे पळायचे. भाचे बघत बसले तिच्याकडे. घरात जिला कोणी विचारत नाही ती तिथे गाईड. आणि आज्जी बरोबर आहे म्हटल्यावर कुठल्या आईची हिंमत आहे मुलीला नाही म्हणायची. कोण काका पण विचारत नाहीत मग.

भाजी मात्र थोडीच खुडा आणि नक्की ओळखणारीनेच.

---

निवृत्त_वनपाल

वरची पोस्ट वाचून मिनिटभर काही लिहवेना. कोयता जमा करणाऱ्यांत मीही होतो, ड्यूटी होती. असो.

कामाचं सांगतो. त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावाने एक साधं पत्र द्या, तारीख, वेळ, मुलांची संख्या, बरोबरच्या मोठ्या माणसांची नावं, फोन. टेकडीवर चालायला परवानगी लागते म्हणून नव्हे, पण पत्र दिलं की वनरक्षकाला कळतं की ही मुलं आपली पाहुणी आहेत. आणि त्या वनरक्षकाला पहिल्या दिवशी बोलवा. गणवेशातला माणूस मुलांबरोबर हसत चालतोय हे चित्र वाटेवरच्या सगळ्या काका लोकांना जे सांगायचं ते सांगून जातं. बहुतेक तरुण वनरक्षक हौशीने येतात, त्यांना कोणी बोलवत नाही हो. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, चितमपल्ली साहेबांच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, २०२० पासून शासनाने ठरवलेला आहे. त्या आठवड्यात खात्यालाच कार्यक्रम दाखवायचे असतात, तेव्हा मागाल ते मिळेल 😀

आता धोके, कारण पालक हेच विचारणार. बिबट्या-बिबट्या सगळे करतात पण माझ्या हिशेबात खरा धोका तीन गोष्टींचा. पहिला खाणीचं पाणी. कडा सरळ तुटलेला असतो, खोली कळत नाही, तिथे मुलांना काठावर उभं करून फोटो काढणं बंद म्हणजे बंद. दुसरा आग्या मोहोळ. कड्याला, मोठ्या झाडाला लटकलेलं दिसलं तर गुपचूप वाट बदला, दगड मारणारं पोरगं प्रत्येक गटात एक असतंच, त्याला आधीच ओळखून आपल्या हाताशी ठेवा. अत्तर, बॉडी स्प्रे मारून यायचं नाही. उठलेच तर तोंड झाकून सरळ लांब पळायचं, हातवारे करायचे नाहीत. तिसरी खाजकुयली. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की त्यांची कुसं उडतात, अंगाला लागली की मूल रडून हैराण. शेंग मखमली दिसते म्हणून मुलं हमखास हात लावतात. आधी दाखवून ठेवा, लांबून.

साप पायाखाली बघून चालणाऱ्याला सहसा काही करत नाही. दगड उलटायचे नाहीत, बिळात हात नाही.

बुटांचं म्हणाल तर पावसाळा सोडून साध्या पट्ट्याच्या सॅन्डलवर चालतं. स्लीपर नको, उतारावर घसरते.

---

मुक्ता_पुणे

मी विशेष शिक्षिका आहे, दृष्टिहीन मुलांबरोबर आणि आधी अस्थिव्यंग मुलांबरोबर काम केलंय. कॅलिपरवाल्या मुलाबद्दल लिहिते.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याला पायथ्याशी एका ताईबरोबर बसवून "आम्ही पटकन जाऊन येतो". दुसरं वाईट म्हणजे मोठ्या मुलांनी त्याला उचलून नेणं, एकदा गंमत वाटते, पुढच्या वेळी तो पोट दुखतंय सांगून येतच नाही. मी काय करीन, एआरएआयच्या (टेकडीवरची वाहन संशोधन संस्था) रस्त्याने रिक्षा बरीच वरपर्यंत जाते. त्याला आणि त्याच्या आवडीच्या दोन मित्रांना रिक्षाने पाठवा, बाकीच्यांच्या अर्धा तास आधी. वर पठार बरंच सपाट आहे, मातीची वाट आहे, सपाटीला तो मस्त चालतो म्हणताय तर प्रश्नच नाही. बाकीचे धापा टाकत पोचतील तोवर या तिघांनी काय काय पाहिलं ते बाकीच्यांना दाखवायचं. रिक्षाचं भाडं हा तुमचा एकमेव खर्च, त्याला वर्गणी मागायची लाज वाटू देऊ नका. आणि हे त्यालाच आधी विचारा, कदाचित तो म्हणेल मला थोडा चढ चढायचाय. उतरताना कॅलिपरवर चढण्यापेक्षा जास्त त्रास होतो हे लक्षात असू द्या, परतीची रिक्षा सांगून ठेवा.

दृष्टिहीन मुलांचा अनुभव अशासाठी सांगते की डोळस मुलांनाही तोच लागू पडतो. मोठी माणसं फार दाखवत सुटतात. तो बघ, ते बघ, अरे गेला, तुला दिसला नाही? ज्याला दिसत नाही (किंवा पटकन सापडत नाही) तो पाच मिनिटांत कंटाळतो. आम्ही कानाने आणि हाताने सुरुवात केली. काटेसावरीच्या खोडाचे काटे, हिवाळ्यात शिरीषाच्या वाळक्या शेंगांचा वाऱ्यावरचा खुळखुळाट, कडुनिंब आणि बेलाचं पान चुरगाळून वास. तांबटाचं टुक-टुक-टुक. टिटवी. पावसाच्या आधी पावशा ओरडतो तो आमच्या एका मुलीने "हा पेरते व्हा म्हणतोय, माझे आजोबा सांगायचे" म्हणून ओळखला, मला स्वतःला माहीत नव्हता तो आवाज. मर्लिन म्हणून ॲप आहे ते आवाजावरून पक्षी ओळखतं, फुकट आहे, पण आधी मुलांना अंदाज करू द्या मग फोन काढा, नाहीतर सगळे फोनकडेच बघतात. दुर्बीण तर पहिल्या काही वेळा नेऊच नका, पंचवीस मुलांत एक दुर्बीण म्हणजे नुसती भांडणं.

बाथरूमचा मुद्दा आया बोलून दाखवतात ते चांगलं आहे, अनेक ठिकाणी बोलतही नाहीत आणि मुलगी नुसती गैरहजर राहते. घरून निघून घरी परत दोन तासांच्या आत, एवढंच ठेवा. पाणी पिऊ नका असं मुलींना चुकूनही सांगू नका, त्या तशाही पीत नाहीत. तुमच्या पिशवीत पॅड ठेवा आणि ठेवलेत हे आयांना सांगा, मुलांसमोर नाही.

---

माहीमचा

मुंबईकर हजर. आमच्याकडे टेकडी बिकडी नाही पण धारावीला लागून महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, मिठी नदीच्या काठाला, ३७ एकर. आधी तिथे मुंबईचा कचरा पडायचा, डम्पिंग ग्राउंड होतं, त्यावर माती टाकून झाडं लावली आणि १९९४ ला लोकांसाठी उघडलं. आज आत गेलं की रस्त्याचा आवाजसुद्धा कमी होतो. वाटा सपाट आहेत. आणि तरीही रस्त्याच्या पलीकडच्या धारावीतली कित्येक मुलं कधी आत गेलेली नाहीत. वडारवाडीचा म्हणतोय तेच, गेटवर वॉचमन दिसला की ते आपल्यासाठी नाही असं धरूनच चालतात.

मी एका ग्रुपबरोबर मुलांना न्यायचो. एकच सांगतो, स्पॉन्सर घेऊ नका. घेतलाच तर अट घाला की फोटो नाही. आमच्याकडे एका कंपनीची माणसं आली, टी-शर्ट वाटले, बॅनर धरला, प्रत्येक मुलाच्या हातात एक रोप देऊन फोटो, आणि त्यात तास गेला. मुलं उन्हात रांगेत. एक मुंगूस समोरून गेलं तेव्हा मुलं रांग मोडून धावली तर त्यांना ओरडून परत उभं केलं, मुंगूस बघायलाच तर आणलं होतं ना भावा! केळी आणि शेंगदाणे-गूळ आपल्या पैशाने परवडतात, त्यासाठी बॅनर कशाला.

---

टेकडीखालची_ताई

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. वडारवाडीच्या दादा, राग कसला. मी चार महिने आयांना "मुलांना निसर्ग कळला पाहिजे" हे सांगत होते, एकीनेही हो म्हटलं नव्हतं. काल तुमची पोस्ट वाचून दोन आज्ज्यांना सहज विचारलं की वरच्या खाणीत कोणी काम केलंय का, तर ओट्यावर पाच जणी जमल्या आणि मला निघता येईना. त्यातल्या एकीने मला विचारलं की तिथे एक उंबर होता तो आहे का अजून. मला माहीत नाही, बघून यायचं कबूल केलंय.

मास्तरांचा शनिवारचा मार्ग बाईंना सांगितला, त्या झाडांना तयार आहेत, शाळेत तीनच झाडं आहेत पण अशोक, नारळ आणि एक पिंपळ भिंतीतून आलेला. चालेल का?

पाण्याच्या वेळेचं मात्र कोणीच काही बोललं नाही 🙂 सकाळी सहा ते आठ पाणी. मुलींचं काय करू?

---

जुन्नरकर_मास्तर

पिंपळ सगळ्यात भारी, नवी पालवी तांबूस येते ती मुलांना रोज वेगळी दिसते. भिंत मालकाला सांगू नका 😄

---

वडारवाडीचा_पोरगा

ताई पाण्याच्या वेळेला हात लावू नका, तिथे हरणार तुम्ही. दुपारी चारला न्या. सकाळीच पक्षी दिसतात हा वॉकवाल्यांचा नियम, संध्याकाळी पण मोर ओरडतात. हिवाळ्यात साडेपाचला उतरायला लागा, अंधार लवकर पडतो. आणि चारला आज्ज्या पण मोकळ्या असतात, सकाळी नसतात.

---

मुक्ता_पुणे

चारचं बरोबर आहे, फक्त मार्च ते मे नको, खडक तापलेला असतो, कॅलिपरचं लोखंडसुद्धा तापतं. आणि उंबराचं काय झालं ते इथे लिहा, आम्हालाही कळू दे.